दसऱ्यानंतरच्या पहिल्या राइडला चेन उडते? स्क्रूला हात लावण्याआधी मोजा

लागोपाठ तीन वर्षं माझी मोसमातली पहिली राइड एकाच ठिकाणी अडली. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, पहाटे पाचला कोथरूडहून निघायचं, राजाराम पुलावरून सिंहगड रस्ता धरायचा, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी मागे टाकत उजाडता उजाडता खडकवासल्याच्या धरणापाशी पोचायचं. ऑक्टोबरच्या मध्यावर पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे अर्धा रस्ता दिव्याच्या उजेडातच जातो. तिथवर सायकल लोण्यासारखी चालायची. पुढे गोळेवाडीचा नाका ओलांडून गडाच्या रस्त्याला लागलं, पहिल्या खड्या वळणावर सीटवरून उठून पॅडलवर वजन टाकलं, की खट्ट! चेन उडायची, म्हणजे दात्यांवरून घसरायची, आणि पाय एकदम पोकळीत गेल्यासारखा खाली जायचा. तिसऱ्या वर्षी गुडघा हँडलवर इतक्या जोरात आपटला की दोन आठवडे जिना चढता आला नाही.

पावसाळाभर उभी असलेली गिअरची सायकल काढली की हे अनेकांच्या वाट्याला येतं. बहुतेक जण तेच करतात जे मी पहिल्या वर्षी केलं: मागच्या डिरेल्युअरपाशी (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा हात) केबलच्या टोकाला जो गोल फिरवायचा बॅरल असतो, तो अंदाजाने फिरवतात, मग तिथले दोन छोटे स्क्रू फिरवतात, आणि चेन तात्पुरती शांत झाली की दुरुस्ती झाली असं मानतात. पुढच्या वर्षी तेच परत. तेव्हा आधी हे सांगते की एच आणि एल अशा खुणा असलेल्या त्या दोन स्क्रूंचा चेन उडण्याशी सहसा संबंध नसतो. डिरेल्युअरने दोन्ही टोकांना किती लांब जायचं, एवढंच ते ठरवतात. मागच्या मोसमात ते बरोबर होते आणि मधे कोणी हात लावला नाही, तर आजही ते बरोबरच आहेत. त्यांना फिरवलं तर एक जुना दोष तसाच राहतो आणि एक नवा तयार होतो. वर चेन स्पोकमध्ये जाऊन अडकायची भीती वेगळीच.

धरणापर्यंत न उडणारी चेन चढालाच का उडते, हे समजलं की निम्मं कोडं सुटतं. धरा, तुमचं वजन ६० किलो आहे, क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, १७० मिलिमीटरची आहे आणि पुढे ३४ दात्यांचं छोटं चक्र लावलंय. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच असतं. त्या हिशेबाने ३४ दात्यांच्या चक्राची त्रिज्या जवळपास ६९ मिलिमीटर भरते. तुम्ही उभं राहून सगळं वजन आडव्या पॅडलवर टाकलंत, तर चेनवर ताण येतो सुमारे १५० किलोचा. तेच वजन ५० दात्यांच्या मोठ्या चक्रावर टाकलंत तर सुमारे १०० किलोचा. सपाटीला बसून चालवताना पायाचा जोर याच्या जवळपासही नसतो. म्हणून दोष घरून निघतानाच असतो, दिसतो मात्र गडाच्या पायथ्याशी.

आता मोजण्याबद्दल. ही युक्ती मला आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी शिकवली. आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून गेलेला माणूस. तिसऱ्या वर्षी मी रस्त्याकडेला बसून बॅरल फिरवत होते, तर ते सायकल टेकवून शेजारी आले आणि म्हणाले, "अगं, सोड तो स्क्रू. किती फेऱ्यांनी उडते ते मोजलंस का?" मी मोजलं नव्हतं. तोवर कोणी मोजायला सांगितलंच नव्हतं.

मोजायचं असं. सुरक्षित, रिकाम्या चढावर, सीटवर बसून, एकाच गिअरमध्ये सारख्या जोराने पॅडल मारा आणि दोन झटक्यांच्या मधे पायाच्या किती फेऱ्या झाल्या ते मनात मोजा. दर फेरीला, पाय त्याच जागी असताना झटका येत असेल, तर पुढच्या चक्राचा एखादा दाता वाकलाय किंवा तुटलाय. छोट्या चक्रावर दर तीन-सव्वातीन फेऱ्यांनी आणि मोठ्यावर दर दोन-सव्वादोन फेऱ्यांनी येत असेल, तर चेनची एक कडी जाम आहे. चेनमध्ये साधारण ११० कड्या असतात. ११० भागिले ३४ केलं की ३.२ येतात, ११० भागिले ५० केलं की २.२. म्हणजे ती एक कडी पूर्ण चक्कर मारून परत येते तेव्हाच झटका बसतो. मागच्या काही ठरावीक चक्रांवरच उडते, बाकीच्यांवर अजिबात नाही, तर कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्रांचा संच, झिजलीय. सगळ्याच गिअरांत कधीही, काही हिशेब न लागता उडते आणि सोबत बारीक करकर येते, तर केबल किंवा हँगर, म्हणजे डिरेल्युअर लटकतो ती पट्टी. आणि चेन दात्यांवरून हलत नाही, तरी पाय रिकामा फिरून मग खाडकन पकडतो, तर प्रकरण फ्रीहबचं आहे, म्हणजे मागच्या चाकातल्या त्या भागाचं, जो पॅडल थांबलं तरी चाक फिरू देतो. तिथे पुढे चालवायचंच नाही.

त्यातली जाम कडी सगळ्यांत सोपी, आणि पावसाळ्यानंतर सर्वाधिक आढळणारीही. चार महिने दमट हवेत चेन एकाच स्थितीत राहते, एखाद्या पिनेत गंज धरतो आणि ती कडी वळायचं विसरते. सायकल उभी करा, चेन सर्वांत छोट्या चक्रावर आणा, क्रँक सावकाश उलटी फिरवा आणि डिरेल्युअरच्या खालच्या चाकावर नजर ठेवा. तिथे चेनला सर्वांत लहान वळण घ्यावं लागतं. जाम कडी तिथून सरळ न होता उडी मारून बाहेर पडते, डिरेल्युअरचा हात क्षणभर पुढे हलतो. तिला खडूने खूण करा, तेलाचा एक थेंब सोडा आणि दोन्ही बाजूंना अंगठे धरून चेन आडवी, म्हणजे जिकडे ती एरवी वळत नाही तिकडे, हलक्या हाताने पाच-सहा वेळा वाकवा. एक-दोन कड्या असतील तर एवढ्याने सुटतात. दहा-बारा निघाल्या, तर चेन बदला.

चेनची झीज मोजायला महागडं हत्यार लागत नाही. स्टीलची फूटपट्टी पुरते. प्लॅस्टिकची नको, तिच्या खुणा इतक्या बारकाईला भरवशाच्या नसतात. पॅडलवर हलका दाब देऊन चेन ताणलेली ठेवा, एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि तिथून पुढची २४वी पिन कुठे येते ते बघा. नव्या चेनमध्ये ती बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर येते. दीड मिलिमीटर पुढे सरकली तर झीज अर्धा टक्का. ११ किंवा जास्त गिअरांच्या कॅसेटसाठी चेन बदलायची वेळ तीच. आठ, नऊ, दहा गिअरवाल्यांनी पाऊण टक्क्यापर्यंत थांबलं तर चालतं. तीन मिलिमीटर पुढे गेली, म्हणजे एक टक्का झाला, तर समजा की त्या चेनने कॅसेटचे दातेही आपल्या मापाने खाऊन ठेवलेत.

माझा दुसऱ्या वर्षीचा घोटाळा इथेच झाला. ज्या दुकानात मी सायकल दाखवली, तिथे चेन मोजली गेली, संपलेली निघाली, नवी बसवून दिली. कॅसेटकडे कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी चढावर पूर्वीपेक्षा जास्त उडायला लागली. नवी चेन लावून दोष वाढतो कसा, हे तेव्हा मला कळेना. उत्तर सरळ आहे. जुनी लांबलेली चेन आणि जुने रुंद झालेले दाते एकमेकांबरोबर झिजलेले असतात, त्यांचं एकमेकांशी जमतं. नवी चेन बरोबर मापाची असते, ती त्या पोखरलेल्या खाचांत नीट बसत नाही, आणि ताण आला की दात्यावर चढून पुढच्या खाचेत पडते. उडते तीही आपण सर्वाधिक वापरलेल्या चक्रांवरच. माझी मधली दोन-तीन चक्रं गेली होती. तो अख्खा मोसम मी ती टाळत काढला आणि दोष चेनच्या माथी मारत राहिले. तेव्हा दुकानात चेन बदलायला दिलीत, तर सायकल ताब्यात घेण्याआधी जवळच्या चढावर एक चक्कर मारा आणि प्रत्येक चक्रावर जोर लावून बघा. चेन आणि कॅसेट एकदम बदलायचं दुकानदाराच्या आणि आपल्या, दोघांच्याही जिवावर येतं हे मान्य, पण अर्धं काम करून घेण्यात पैसे जातातच आणि राइडही जाते.

तरीही दरवर्षी, त्याच दिवशी, हे का व्हायचं? तिसऱ्या वर्षी कॅसेट बदलली. ठरावीक चक्रांवरचं उडणं थांबलं, पण बेहिशेबी उडणं शिल्लक राहिलं. म्हणजे एकाच लक्षणामागे दोन वेगळे दोष होते, आणि त्यातला जुना दोष पहिल्या वर्षापासून तसाच होता.

तो निघाला केबलच्या आउटरमध्ये, म्हणजे तार ज्या नळीतून जाते तिच्यात. मागच्या डिरेल्युअरपाशी केबलचं जे शेवटचं वळण असतं, अर्धवट कमानीसारखं, ते सगळ्या केबलमधलं जवळपास सर्वांत खालचं ठिकाण. वरून आत शिरलेलं पाणी तिथे येऊन थांबतं. आतली तार गंजते, आउटरच्या तोंडाशी तांबूस चिखल जमतो. हँडलवरच्या शिफ्टरने तार ओढली की ती आपल्या अंगठ्याच्या जोराने हलते, कारण तिथे जोर भरपूर असतो. पण तार सैल सोडली, की तिला परत खेचायचं काम डिरेल्युअरच्या स्प्रिंगकडे असतं, आणि गंजाचं घर्षण स्प्रिंगला भारी पडतं. डिरेल्युअर दोन चक्रांच्या मधे कुठेतरी अडून बसतो. चेन धड या दात्यावर नाही, धड त्या नाही. सपाटीला करकर करत चालते, चढाला उडते.

म्हणून केबलची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: मोठ्या चक्राकडे गिअर चटकन पडतो, छोट्या चक्राकडे मात्र उशिरा, किंवा दोनदा दाबल्यावर दोन्ही एकदम. दोन्ही दिशांना सारखीच गडबड असेल तर नुसता बॅरल पाव-पाव फेरी फिरवून भागेल. एकाच दिशेला असेल तर बॅरलने भागत नाही. पहिल्या वर्षी मी बॅरल फिरवला आणि बरं वाटलं, ते खरं तर दोनशे-तीनशे वेळा गिअर बदलून तार आतल्या आत थोडी मोकळी झाली म्हणून.

आणि पाणी कुठून आलं? खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी वाहनं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून पुजतात. सोसायटीत गाड्या धुण्याचा जोराच्या फवाऱ्याचा पंप आहे. दरवर्षी मी मोठ्या प्रेमाने त्या पंपाने सायकल लख्ख धुवायची, हार घालायची आणि रविवारपर्यंत तशीच उभी ठेवायची. एरवी पावसाचं पाणी जिथे पोचत नाही तिथे तो फवारा पोचतो: आउटरच्या तोंडात, फ्रीहबच्या सीलमधून आत, चेनच्या रोलरमध्ये. आधीच चार महिने सुकलेल्या तेलाचा जो काही थर उरला होता, तोही धुऊन जायचा. मग तीन-चार दिवसांत गंज, आणि रविवारी गोळेवाडी. पूजा सोडायची गरज नाही, मी सोडलेली नाही. फक्त आता बादली, मग, जुना सुती कपडा आणि दात घासायचा जुना ब्रश. चेन रॉकेलने किंवा डिग्रीझरने पुसून कोरडी करायची, प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, अर्धा तास थांबून वरचं तेल पुसून टाकायचं. वर दिसणारं तेल काही कामाचं नसतं, ते नुसती धूळ गोळा करतं. हार हँडलला. मागे कॅरियरला किंवा सीटला घातलात तर दोरा डिरेल्युअरच्या चाकात जातो.

आउटर साफ करायची एक जुनी पद्धत आहे, केबल कापावी लागत नाही. मागचं चाक उचलून चेन सर्वांत मोठ्या चक्रावर न्या. आता पॅडल न फिरवता शिफ्टर सगळा खाली सोडा. तार ढिली पडेल. फ्रेमवर जिथे आउटरचं टोक खाचेत बसलेलं असतं, तिथून ते अलगद काढा आणि आउटर तारेवर मागेपुढे सरकवा. तारेचा लपलेला भाग उघडा होईल. तो कापडाने पुसून तेलाचं बोट फिरवा. हाताला खडबडीत लागला किंवा एखादा धागा तुटलेला दिसला तर तार आणि आउटर दोन्ही बदला. ज्यांच्या केबली फ्रेमच्या आतून जातात, त्यांना हे जमत नाही. त्यांनी ते शेवटचं वळण दर दसऱ्याला बदलून घ्यावं. तो तुकडा जेमतेम वीतभर-दीड वीत असतो.

बदलताना एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या. गिअरची आउटर वेगळी आणि ब्रेकची वेगळी. गिअरची साधारण ४ मिलिमीटर जाड, तिच्या आतल्या तारा लांबीला समांतर जातात. ब्रेकची ५ मिलिमीटर, आत तारेची गुंडाळी असते. ब्रेकची आउटर गिअरला लावली तर ती दाबाखाली किंचित आखडते आणि गिअर कधीच नेमका बसत नाही. गल्लीतल्या दुकानात जे हाताशी असेल ते लावलं जातं, आणि मग महिनोन्महिने बॅरल फिरवण्यात जातात. नवी तार पहिल्या दोन-तीन राइडमध्ये थोडी बसते, तेव्हा गिअर परत हलला तर घाबरू नका. मागून बघत बॅरल घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवा, तार तेवढी ताणली जाईल.

हँगरचं थोडक्यात. डिरेल्युअर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती अ‍ॅल्युमिनियमची आणि मुद्दाम मऊ केलेली असते, म्हणजे धक्का बसला तर ती वाकेल आणि फ्रेम वाचेल. पार्किंगमध्ये चार महिने सायकलींच्या गर्दीत उभी, वर कुणाची तरी स्कूटर टेकलेली, एवढं पुरतं. मागे उकिडवं बसून बघा: डिरेल्युअरची दोन्ही चाकं कॅसेटच्या चक्राशी एका रेषेत दिसायला हवीत. खालचं चाक स्पोककडे झुकलेलं दिसलं तर हँगर वाकलाय. पक्कडीने सरळ करायला जाऊ नका, मोडतो. दुकानात त्यासाठी लांब दांड्याचं हत्यार असतं. हँगरचे आकार सायकलीगणिक वेगळे असतात, म्हणून बदलायचा असेल तर जुना काढून सोबत न्या. आणि जमलं तर एक जादा घेऊन खोगिराच्या पिशवीत टाका.

फ्रीहबबद्दल परत सांगते, कारण यात माणूस पडतो. त्याच्या आत छोटे खटके असतात, ते पॅडल मारताना दात्यांत अडकतात आणि पॅडल थांबवलं की टकटक वाजत घसरतात. आत पाणी जाऊन ग्रीस चिकट झालं की एखादा खटका उचलला जात नाही. डिसेंबरातल्या थंड पहाटे हे जास्त होतं. उतारावर टकटक ऐका. एकसारखी येत असेल तर ठीक. मधेच गप्प होत असेल, तर उभं राहून पॅडल मारू नका, सायकल सरळ दुकानात न्या.

हे सगळं राइडच्या पहाटे करायचं नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी, उजेड असताना, सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प उत्तम. गाड्या नाहीत हे बघून, बसून, एकेका गिअरमध्ये जोर लावत वर या. गडाच्या चढाएवढा ताण तिथे दहा मीटरमध्ये मिळतो. कोणत्या गिअरला काय झालं ते फोनवर टिपून ठेवा, दुकानदाराला "चेन उडते" एवढंच सांगण्यापेक्षा "तिसऱ्या आणि चौथ्या चक्रावर, ताण आल्यावरच" असं सांगितलंत तर तोही नीट बघतो.

तरी रस्त्यात सुरू झालीच, तर पहिलं म्हणजे खाली बसा. उभं राहायचं नाही, कितीही चढ असो. एक गिअर हलका करा आणि पाय भरभर फिरवा, चेनवरचा ताण कमी होतो. ज्या चक्रावर उडते ते सोडून शेजारचं वापरा. मधेमधे अडकतेय असं वाटलं तर थांबून बॅरल अर्धी फेरी फिरवून बघा. याहून जास्त काही रस्त्याकडेला करू नका. गडावरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही पुढच्या रविवारीही मिळतं. धरणापर्यंत जाऊन परत फिरलात तर तीही राइडच आहे.

बिनगिअरच्या सायकलवाल्यांना यातलं बरंचसं लागू नाही. तुमची चेन उडत नाही, उतरते, आणि कारण बहुधा सैलपणा. मधोमध बोटाने दाबली की सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हलावी. जास्त हलत असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक मागे ओढा, सरळ आहे ना ते बघा, नट घट्ट करा आणि ब्रेक पुन्हा तपासा. चाक मागे गेलं की ब्रेकचे रबरही सरकवावे लागतात, ते विसरलं जातं.

माझं म्हणाल तर, चौथ्या वर्षी नवी आउटर, नवी कॅसेट, बादलीची आंघोळ. खडकवासल्याला उजाडलं, गोळेवाडी गेली, पहिलं वळण, दुसरं वळण. मी उभी राहिले, वजन टाकलं, आणि चेन धरून राहिली. आता जूनमध्ये सायकल ठेवतानाच चेनला जाडसर तेल देते आणि गिअर सर्वांत छोट्या चक्रावर सोडते, म्हणजे चार महिने केबल आणि स्प्रिंग दोन्ही ढिले राहतात. दर पंधरा दिवसांनी क्रँक हाताने दहा फेऱ्या फिरवते.